हवालदार सिस्टरचा ट्रे

कॅज्युअल्टीच्या इनचार्ज सिस्टरला तिच्या मुली पाठीमागे हवालदार म्हणायच्या, आणि तिला ते पक्कं माहीत होतं. मुली म्हणजे पोटच्या नव्हेत, हाताखालच्या नर्स. पोटची एकच, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. बाई दारातून आत आली की आधी पेशंटकडे बघायची नाही, डॉक्टरांकडे तर नाहीच नाही. सरळ भिंतीलगतच्या लाल ट्रॉलीकडे जायची आणि वरचा ट्रे ओढून बघायची. एखादी बाटली, इंजेक्शनचं एखादं काचेचं ॲम्प्युल जागचं हललेलं दिसलं की आटोपलं. ज्या मुलीची ड्यूटी असेल तिची अशी हजेरी घ्यायची, की त्या बिचारीला वाटावं, नर्स होण्यापेक्षा खडी फोडायला गेले असते तर बरं झालं असतं.

आता ट्रेचं एवढं काय कौतुक, असं कुणी विचारेल. तर सांगते. माणूस दारात येऊन कोसळतो तेव्हा कपाटाची किल्ली शोधायला सवड नसते. म्हणून अशा वेळची औषधं आधीच काढून, एका ट्रेमध्ये मांडून ठेवायची असतात. सगळ्याच दवाखान्यांत ठेवतात, पण बहुतेक ठिकाणी त्या ट्रेची अवस्था स्वयंपाकघरातल्या खालच्या खणासारखी असते, हवं ते सोडून सगळं सापडतं. हवालदारचा ट्रे तसा नव्हता. डाव्या हाताला ॲड्रेनलिन, बंद पडलेल्या हृदयाचं. त्याच्या शेजारी ॲट्रोपिन, नाडी फार मंदावली तर. मग हृदय वेड्यासारखं धावायला लागलं तर त्याला आवरायची दोन औषधं, मग फिटचं, मग साखरेचं, मग अंगावर आलेली रिॲक्शन उतरवायचं. ॲड्रेनलिन आपल्या खोक्यातच ठेवायचं, उजेड लागला की ते नासतं, आणि रंग तांबूस झालेला दिसला की थेट फेकून द्यायचं. पोटॅशियम त्या ट्रेच्या आसपाससुद्धा फिरकता कामा नये. घाईत एखादीने ते तसंच शिरेत सोडलं तर चालतं हृदय जागच्या जागी थांबतं, आणि मग तुम्ही कितीही हात जोडा, उपयोग नाही.

हे सगळं ती मुलींना शिकवायची, आणि शिकवायची ते अशा भाषेत की विसरायची सोय नसे. बेशुद्ध माणूस आला की आधी बोटाला टोचून साखर बघा ग बायांनो, म्हणायची, त्यातले निम्मे नुसत्या ग्लुकोजवर उठून बसतात आणि चहा मागतात. धावती नाडी आवरायचं एक औषध आहे, ते द्यायचं तर झटक्यात द्यायचं आणि पाठोपाठ सलाइन ढकलायचं, रेंगाळलात तर हृदयापर्यंत पोचायच्या आत ते संपतं. आणि देण्याआधी पेशंटला सांगायचं, की दादा, क्षणभर जीव जातोय असं वाटेल, पण जाणार नाही. न सांगता दिलंत तर तो जन्मभर तुमच्या नावाने खडे फोडेल. इंजेक्शनची रिॲक्शन येऊन घसा सुजत चालला असेल, तर ॲड्रेनलिन मांडीच्या स्नायूत, आणि ताबडतोब. तिथे डॉक्टरांची वाट बघत नखं खात बसायचं नाही. डॉक्टर एखादं औषध म्हणाले की ते मोठ्याने परत म्हणायचं, दिल्यावर पुन्हा म्हणायचं. फोडलेलं ॲम्प्युल फेकायचं नाही, बाजूच्या ट्रेमध्ये टाकायचं, म्हणजे गडबड संपल्यावर किती दिलं ते कळतं.

आणि एवढ्यावर भागायचं नाही. मुली डबा खात बसल्या असतील, गप्पा रंगात आल्या असतील, हवालदार दारात उभी राहून टाळी वाजवायची आणि म्हणायची, ट्रे. की हातातला घास टाकून धावायचं, न बघता औषध काढायचं, भरायचं, नाव आणि प्रमाण म्हणायचं. सिरिंजमध्ये पाणीच असायचं, पण धडधड खरी व्हायची. तिचं म्हणणं एकच होतं. विचार करायला बसलात तर माणूस गेला. हाताला कळलं पाहिजे, डोकं मागाहून आलं तरी चालेल.

या मुलींत एक होती, तिला हवालदारनेच थरथरी नाव ठेवलं होतं. नवीन आली तेव्हा तिला ॲम्प्युलची मान मोडता येत नसे. बोटं लटलट कापायची, काच फुटायची, औषध जमिनीवर आणि रक्त बोटावर. बाकीच्या हसायच्या. दुसरी कुणी इनचार्ज असती तर तिला ड्रेसिंगच्या खोलीत पट्ट्या गुंडाळायला बसवलं असतं. हवालदारने मुदत संपलेल्या ॲम्प्युलांचा खोका समोर ठेवला आणि म्हणाली, फोड. रोज फोडायची. थरथरी रडत रडत फोडायची. हळूहळू रडं थांबलं, मग थरथर थांबली, नाव मात्र राहिलं. पुढे असं झालं की ट्रेवर सगळ्यांत आधी पोचणारी तीच. हवालदारला तिचा मनातून अभिमान होता, पण तोंडावर कधी बोलून दाखवला नाही. फार तर म्हणायची, बरं केलंस. तेवढ्या दोन शब्दांवर ती पोर दिवसभर तरंगायची.

हवालदारचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. बायको जितकी करडी तितका हा गडी मिश्कील. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून बसून त्याला कशाचीच भीती राहिली नव्हती. त्याच्या गाडीत त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, आणि तो म्हणायचा, संसारातसुद्धा मी एवढंच करतो, स्टिअरिंग हिच्याकडे, ब्रेक माझ्याकडे. घरी बायको ट्रेच्या गोष्टी सांगायला लागली की चिडवायचा. अगं हवालदार, म्हणायचा, मी शिकाऊला पहिल्या दिवशी ब्रेक शिकवतो, तुम्ही लोक नुसता ॲक्सिलरेटर शिकवता. ती म्हणायची, अहो, आमच्याकडे गाडी बंद पडूनच येते, ब्रेक काय करायचा. यावर दोघंही हसायची. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग मास्तरचं हृदय मोठं झालं. मोठं झालं म्हणजे काही भलं झालं नाही, सैल पडलं. जिना चढला की दम, पायांवर सूज, उशा रचल्याशिवाय झोप नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, की हे असंच चालणार, आणि एखाद्या दिवशी चालता चालता थांबणार. मास्तरने ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर बायकोला समोर बसवलं.

त्याच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. तो ऑफिसात पडला, लोकांनी उचलून नेला, डॉक्टरांनी हृदय चालू केलं, आणि मग तो कैक वर्षं नुसता पडून राहिला. नाकात नळी, डोळे छताला, पाठीला जखमा. वहिनी त्याचं करता करता वाळून काठी झाली. मास्तर दर रविवारी जाऊन त्याची दाढी करून यायचा. ते त्याने जवळून बघितलं होतं.

"माझ्यावर तुझा तो ट्रे उघडायचा नाही," तो म्हणाला. "थांबलो की थांबू दे. मला दादासारखं पडायचं नाही. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, तुलाच सांगतोय."

तिने आधी उडवून लावलं. मग तो हसेना, तेव्हा रडली. मग हो म्हणाली. त्याने तिचा हात हातात घेऊन शब्द घेतला, आणि पोरीला यातलं काही सांगायचं नाही, तिचा जीव फार आपल्यात अडकलेला आहे, असंही सांगितलं. हवालदार शब्दाची पक्की. जन्मात कधी शब्द फिरवला नव्हता, ना घरात ना कामावर.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, एका साध्या दुपारी, मास्तर तपासणीला म्हणून दवाखान्यात आला. तपासून झालं, गोळ्या घेतल्या, आणि बायकोची ड्यूटी सुटायला थोडा वेळ होता म्हणून कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर बसला. आत हवालदार दोन नव्या मुलींना ऑक्सिजनची नळी कशी तपासायची ते दाखवत होती. बाहेर कुणीतरी ओरडलं, माणूस पडला. ती वळून दाराबाहेर धावली. बाकाखाली मास्तर पडला होता.

ओळखलं का तिने? ओळखलं. पुढे तिला कितीदा वाटलं, की ओळखलं नसतं तर निदान तेवढी पळवाट राहिली असती. पण तिने त्याचा निळा शर्ट ओळखला, त्याची चप्पल ओळखली, आणि ओळखत असतानाच तिचे हात सुरू झाले. त्याला पाठीवर घेतलं, छातीवर हात टेकले, दाबायला लागली, तोंडाने ट्रे म्हणाली. थरथरी ट्रे घेऊन धावली. डॉक्टर धावले. हवालदारने शीर धरली, ॲड्रेनलिन म्हणाली, दिलं म्हणाली, सलाइन म्हणाली, हात वर धरा म्हणाली. एक दिलं, थांबून दुसरं दिलं. मशीनचे झटके झाले. पुन्हा औषध. सगळ्यांना घाम फुटला, डॉक्टर तिच्याकडे बघून मान हलवायला लागले, तरी तिचे हात थांबेनात. आणि मग मॉनिटरच्या पडद्यावर रेघ उठली, मानेला बोट लावलं तर नाडी.

खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला आनंद झाला. खुदकन हसली ती. मुलींनी तिला मिठी मारली. तिने हात धुवायला नळ सोडला, साबण घेतला, आणि तेव्हा कुठे तिला आपण दिलेला शब्द आठवला. नळ तसाच वाहत राहिला.

हृदय परत आलं. मास्तर आला नाही. मेंदूला रक्त मिळायला उशीर झाला होता, आणि ॲड्रेनलिनला मेंदूचं काही पडलेलं नसतं. ते हृदयाला चाबूक मारून उठवतं, आत माणूस आहे की नाही ते बघत नाही. हवालदारला हे ठाऊक नव्हतं का? तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. अशी कितीतरी माणसं तिने वरच्या मजल्यावर पाठवली होती आणि पुढे त्यांचं काय झालं ते मुद्दाम विचारलं नव्हतं.

दवाखान्यात तिचा सत्कार झाला. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, की बघा, समोर स्वतःचा नवरा असताना या बाईचे हात कापले नाहीत. टाळ्या झाल्या. नव्या मुलींना ती गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला लागले. हवालदार तिथे उभी असली तर खाली बघायची, आणि लोकांना वाटायचं, काय हा विनय. कसला विनय आणि कसलं काय. तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

मास्तरला घरी आणलं. पुढच्या खोलीत दवाखान्यासारखी खाट आली, नाकात नळी आली. डोळे उघडे, पण ते कुणावर ठरायचे नाहीत. लेक नवऱ्याला सांगून मुक्कामालाच आली. तिने बापाची सेवा कशी केली म्हणाल, तर डोळ्यांत तेल घालून. त्याचे तळवे चोळायची, रेडिओ लावायची, दिवसभर त्याच्याशी बोलायची. बाबांनी अंगठा हलवला, म्हणून आईला हाका मारायची. हवालदार यायची, बघायची. तो नुसता स्नायूंचा झटका असायचा. पण लेकीच्या तोंडाकडे बघून तिच्याच्याने सांगवायचं नाही. हो ग, हलला, म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

दर रविवारी ती नवऱ्याची दाढी करायची. थोरल्या दिराची दाढी मास्तर करायचा तशीच, गालात हवा भरून घ्यायला पेशंटला सांगता येत नाही म्हणून दोन बोटांनी कातडी ताणून धरत. पाठीला जखम व्हायला सुरुवात झाली होती. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा पुसल्या, पण ही पुसताना तिचा हात तोंडाकडे जायचा. अहो, चुकलं माझं, असं ती त्याला रोज सांगायची, अगदी हळू, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि दवाखान्यात ती तसंच शिकवत राहिली. दुसरं काय शिकवणार? आधी विचार करा म्हणून सांगणार? त्याच महिन्यात एका बाईला इंजेक्शनची रिॲक्शन आली, ओठ सुजले, आवाज बंद झाला. थरथरीने कुणाला न विचारता मांडीत ॲड्रेनलिन दिलं, आणि ती बाई संध्याकाळी पायांनी चालत घरी गेली. तेच औषध, तेच हात. तिथे विचार करत बसली असती तर त्या बाईची पोरं उघड्यावर पडली असती. हवालदारने थरथरीला बरं केलंस म्हटलं, आणि टाळी वाजवून ट्रे म्हणायचंही चालू ठेवलं. फक्त टाळी वाजवताना पूर्वीसारखं हसू यायचं नाही.

तिला आता एकच गोष्ट हवी होती. पुढच्या वेळी हृदय थांबलं की थांबू द्यायचं. मोडलेला शब्द निदान दुसऱ्यांदा तरी पाळायचा. पण त्यासाठी लेकीला सांगणं भाग होतं, कारण हाडांचा सापळा झालेल्या मास्तरला दवाखान्यात न्यायची वेळ आज ना उद्या येणारच होती.

एके दिवशी जेवणं झाल्यावर तिने सांगितलं. बाबांनी काय मागितलं होतं, आपण काय कबूल केलं होतं, सगळं. लेक ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"मग तेव्हा का आणलंस परत?" तिने विचारलं.

हात आपोआप चालले, असं म्हणायचं? ते खरं होतं, पण खरं असून ऐकायला किती खोटं.

"तेव्हा त्यांचं ऐकलं नाहीस," लेक म्हणाली, "आणि आता ते बरे व्हायला लागलेत तर ऐकायचं म्हणतेस. तू दमलीस, आई. तुझ्याने होत नाही आता, म्हणून हे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? दोन दिवस गेले. मग लेकीनेच चहा करून आणला आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही असं सांगितलं. हवालदार डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर भले होते, त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, की सिस्टर, मला पटतं, पण उद्या तुमची मुलगी माझ्या दारात उभी राहिली तर मी काय सांगू? तुम्ही दोघी एका तोंडाने सांगा, मी तसं करतो. तोवर आम्हाला सगळं करावंच लागेल. त्यांचंही काही चुकत नव्हतं. यात कुणाचंच काही चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

आणि व्हायचं तेच झालं. मास्तरच्या छातीत कफ भरला, ताप चढला, ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. वरच्या मजल्यावर जागा नव्हती, म्हणून कॅज्युअल्टीला लागून असलेल्या छोट्या खोलीत खाट मिळाली. हवालदार रजेवर होती. घरच्या कपड्यांत, नवऱ्याच्या उशाशी, स्टुलावर बसून. आपल्याच वॉर्डात असं रिकाम्या हातांनी बसायची तिला सवय नव्हती. मुली येऊन जाऊन चौकशी करायच्या, थरथरी औषधं वेळेवर देऊन जायची.

सकाळची वेळ. लेक चहा आणायला खाली गेली होती. हवालदार नवऱ्याच्या मनगटावर बोट ठेवून बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं, सवयीने. आणि तिच्या बोटाखाली नाडी अडखळली. एकदा आली, मग उशिरा आली, मग आलीच नाही. तोंड किंचित उघडलं. मॉनिटरची वायर सकाळीच सुटली होती आणि ती लावायला कुणीतरी येणार होतं. तिला सोडून कुणाला काही कळलं नव्हतं.

ती बसून राहिली. उठली नाही, हाक मारली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात मांडीवर गप्प पडून होते, आणि गप्प ठेवायला तिला जेवढं बळ लागलं तेवढं कधी छाती दाबायला लागलं नव्हतं. अहो, जा आता, ती म्हणाली. निवांत व्हा आता. तिने त्याचं कपाळ पुसलं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो सततचा ताण सुटल्यासारखा वाटला, आणि तिला रडू आलं, पण ते बऱ्याच दिवसांनी आलेलं बरं रडू होतं.

तेवढ्यात लेक चहाचे कप घेऊन दारात आली. तिने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं. कप खाली पडले. ती इतक्या जोरात किंचाळली की सगळा वॉर्ड हलला.

थरथरी कुठून आली ते दिसलंसुद्धा नाही. एका हाताने तिने ट्रॉली ओढत आणली, दुसऱ्या हाताने खाट सपाट केली. मागून दुसरी मुलगी, त्यामागून डॉक्टर. हवालदार खाटेच्या आणि ट्रॉलीच्या मध्ये उभी राहिली. दोन्ही हात पसरले.

"नको," ती म्हणाली. "थांबा. त्यांना नको होतं हे. थांबा ग."

लेक डॉक्टरांचा कोट धरून रडत होती, करा हो, काहीतरी करा. डॉक्टरांनी एका बाईकडे बघितलं, मग दुसरीकडे, आणि छातीवर हात टेकले. थरथरीने हवालदारच्या दोन्ही खांद्यांना धरलं. ओढलं नाही, ढकललं नाही, नुसतं घट्ट धरून वळवलं आणि पडद्याबाहेरच्या खुर्चीवर बसवलं. सिस्टर, तुम्ही इथे बसा, आम्ही आहोत आत, म्हणाली. हे वाक्य हवालदारनेच सगळ्या मुलींकडून घोटून घेतलं होतं. नातेवाईक आडवे येतात, थांबा म्हणतात, नको म्हणतात, दुःखाने त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, खांद्याला धरायचं, बाहेर बसवायचं आणि हे म्हणून आत वळायचं. इतकं हळुवारपणे तर तिने स्वतःही कधी कुणाला बाहेर काढलं नसेल.

पडदा ओढला गेला. हवालदार खुर्चीत बसून ऐकत राहिली. कानांनी तिला सगळं दिसत होतं. खाटेची करकर, म्हणजे छाती दाबताहेत. डॉक्टर म्हणाले, ॲड्रेनलिन. थरथरी म्हणाली, ॲड्रेनलिन एक. काचेची मान मोडल्याचा बारीक आवाज, एका झटक्यात, स्वच्छ. ॲड्रेनलिन दिलं, थरथरी म्हणाली.

आणि मग काही नाही. सलाइन म्हणायला हवं होतं तिने. औषधामागून सलाइन ढकललं नाही तर अशा पेशंटच्या हातातच औषध पडून राहतं, हृदयापर्यंत पोचत नाही. हवालदारने श्वास रोखला. विसरली पोर. विसरली असेल तर विसरू दे. इतकी वर्षं एकेक चूक चिमटीत पकडणारी ती बाई, त्या खुर्चीत बसून आपल्या सगळ्यांत चांगल्या मुलीच्या हातून चूक व्हावी म्हणून देवाला विनवायला लागली. ओठ दाबून धरले, तोंडून शब्द निसटू नये म्हणून.

"सलाइन दिलं," आतून आवाज आला. "हात वर धरलाय."

पुढचं तिने कान देऊन ऐकलं नाही. ऐकायची गरज नव्हती. थांबून पुन्हा एकदा काच मोडली, पुन्हा नाव, पुन्हा प्रमाण, पुन्हा सलाइन. मग करकर थांबली. कुणीतरी हळू आवाजात नाडी म्हणालं. मग लेकीचं रडणं ऐकू आलं, आणि ते रडणं आनंदाचं होतं.

पडदा सरकवून थरथरी बाहेर आली. घामाने भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले, गाल लाल. हातात रिकाम्या ॲम्प्युलांचा छोटा ट्रे होता, नेहमीसारखा दाखवायला आणलेला. ती हवालदारसमोर उभी राहिली. बोटं अजिबात कापत नव्हती.

"सिस्टर, आलेत परत," ती म्हणाली. आणि मग, शिकाऊ असताना विचारायची त्याच सुरात, "काही चुकलं का माझं?"

हवालदारने ट्रेकडे बघितलं, मग पोरीकडे.

"नाही," ती म्हणाली. "काही चुकलं नाही."

पोर हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ती घाईघाईने ट्रॉली आवरायला वळली. आतून लेक हाक मारत होती, की आई, ये ना लवकर, बाबांनी डोळे उघडलेत. हवालदार खुर्चीच्या हातांना धरून उठली आणि आत गेली.